भूपाल आरवाडेचा ओढांक

आमच्या भूपाल आरवाडेला आयुष्यात कशाचीच ओढ नव्हती. हे मी टीका म्हणून सांगत नाही. तसं यंत्राचं प्रमाणपत्रच होतं त्याच्याकडं, आणि ते त्यानं फ्रेम करून बैठकीत लावलं होतं. इतरांच्या घरी जिथं पूर्वजांचे फोटो असतात, बरोबर तिथं.

धंदा त्याचा नावांचा. इंटरनेटवर दुकान काढायचं, पक्ष काढायचा, देवस्थान काढायचं, काहीही काढायचं तर नाव लागतं. एक नाव एकालाच मिळतं. भूपाल लोकांच्या आधी जाऊन ही नावं, म्हणजे डोमेन, घेऊन ठेवायचा आणि गरजू माणूस आला की विकायचा. मी त्याला म्हणायचो, "तुझं म्हणजे दुसऱ्याच्या पोराचं बारसं आधीच उरकून ठेवायचं, आणि आईबाप आले की बिल द्यायचं."

"हस लेका," तो म्हणायचा. "हळदीला रंग असतो, वास असतो, पोत्यात हात घातला की माल कळतो. नावाला काय असतं? वजन नाही, प्रत नाही. घेणाऱ्याला किती हवंय, तेवढाच त्याचा भाव."

हळद त्याच्या बोलण्यात यायचीच. त्याचे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे अडते होते. त्या काळी सौदा रुमालाखाली व्हायचा. घेणारा आणि विकणारा एकमेकांचे हात धरायचे, वर रुमाल टाकायचा, आणि आत बोटं बोलायची. एक बोट दाबलं की अमुक, दोन दाबली की तमुक. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव दोघांतच राहायचा. भूपालच्या वडिलांनी त्याला बोटांआधी तोंड शिकवलं. बोटं बोलत असताना तोंडानं दुसरीकडंच बघायचं, तराजूकडं, कावळ्याकडं, कुठंही. माल हवा असेल तर त्या ढिगाकडं वळूनसुद्धा बघायचं नाही. सगळ्या खुणा शिकवून झाल्यावर त्यांनी शेवटची एक शिकवली. बोटं सोडून समोरच्याचं मनगट धरायचं. त्याचा अर्थ, तुम्ही म्हणाल तो भाव.

"ही शिकायची," ते म्हणाले होते, "वापरायची नाही. मी आयुष्यात वापरली नाही, तूही वापरू नको."

भूपाल आज्ञाधारक मुलगा होता.

त्यानं बायको बघितली तीसुद्धा याच पद्धतीनं. पद्मावहिनी हा किस्सा आम्हाला दर दिवाळीला सांगायच्या. "हे बघायला आले आणि तासभर आमच्या परसातल्या नारळाकडं बघत बसले. मला वाटलं, झाडच मागायला आलेत."

"म्हणून तर तुझे वडील घाबरले आणि लगेच हो म्हणाले," भूपाल म्हणायचा.

"मग आवडले होते का मी तेव्हा?"

"नारळ चांगला होता."

यावर आम्ही हसायचो. वहिनीही हसायच्या. मग त्या जरा वेळ भूपालकडं बघत राहायच्या, आणि तो चकलीकडं.

आता यंत्राचं सांगतो. एखादी गोष्ट आपल्याला हवी असली की शरीर ते तोंडाच्या आधी बोलून टाकतं. किंमत कानावर पडली की नाडीच्या दोन ठोक्यांमधलं अंतर किंचित बदलतं. तळव्याला नकळत ओल येते आणि त्वचेतून वीज थोडी सोपी वाहायला लागते. उत्तर टाइप करताना बोट अडतं, लिहिलेला आकडा खोडला जातो. यातलं एकेक लक्षण फसवं असतं. जिना चढून आलं तरी नाडी वाढते. पण काही हुशार मंडळींनी लाखो सौदे यंत्राला शिकवले. आधी तुमची रोजची चाल ओळखायची, मग आकडा ऐकल्यावर ती कितीनं ढळली ते मोजायचं. हे सगळं मनगटावरच्या एका पट्ट्यात बसलं. ढळण्याचा अंक शून्य ते शंभर. त्यालाच ओढांक म्हणायला लागले.

नावांच्या बाजारानं सगळ्यात आधी नियम केला की सौदा करायचा तर दोघांनीही पट्टा बांधायचा. घासाघीस संपेल, दोघांच्या मर्यादा कळतील, मधला भाव काढता येईल. कागदावर हे इतकं न्याय्य होतं की मी त्याच्या बाजूनं एक लेख लिहिणार होतो, पण तेवढ्यात वर्तमानपत्रातून निवृत्त झालो. प्रत्यक्षात विकणारा बहुधा प्रोग्रॅम असायचा, आणि प्रोग्रॅमला मनगट नसतं. त्यामुळे उघडं पडायचं ते घेणाऱ्याचंच. ज्याचा ओढांक नव्वद, त्याला त्याच्या सोसण्याच्या अगदी कडेपर्यंत भाव लागायचा. एक रुपया कमी नाही, एक जास्त नाही. इतकं अचूक लुटणं जगात आधी कुणाला जमलं नव्हतं.

मग पट्टा घरांच्या सौद्यात आला, गाड्यांच्या आला, शाळांच्या प्रवेशात आला. विरक्तीचे क्लास निघाले. पुण्यात जोडपी फ्लॅट बघायच्या आधी आठवडाभर मौनशिबिराला जायची, आणि परत येऊन फ्लॅटच नको म्हणायची. खेळण्याच्या दुकानासमोरून जाताना आया पोरांना सांगायच्या, "तिकडं बघू नकोस, आवडलं तर महाग पडेल." साड्यांच्या दुकानात बायका तोंड कडू करून बसायच्या. हवंसं वाटणं ही एक लपवायची गोष्ट झाली, जशी पूर्वी खरूज असायची.

अशा जगात भूपाल राजा होता. त्याचा ओढांक कायम चार. लाखाचं नाव असो की कोटीचं, चार. मुंबईचे लोक त्याला सौद्याला बसायला बोलवायचे.

"करतोस काय नेमकं?" मी एकदा विचारलं.

"भेंडी निवडतो."

"काय?"

"मनातल्या मनात. समोर आकडा आला की मी भेंडीच्या ढिगापुढं बसतो. एकेक उचलायची, शेंडा मोडून बघायचा. मोडला तर पिशवीत, नाही मोडला तर बाजूला. भेंडीइतकी निर्विकार गोष्ट नाही बघ जगात."

हे गुपित त्यानं मला एकट्याला सांगितलं होतं. घरीसुद्धा नाही. धंद्याचं घरी काय सांगायचं, असं त्याचं मत होतं.

पद्मावहिनी भडंग करायच्या. सांगलीत भडंग कोण करत नाही? पण वहिनींच्या भडंगात लसूण नसायचा. जैनांचं घर, लसूण दाराच्या आत नाही. बिनलसणाचं भडंग ऐकून लोक आधी हसायचे आणि मग अर्धा किलो न्यायचे. मुलगा सन्मती दहावीत होता तेव्हा त्यानं सुट्टीत आईला वेबसाइट करून दिली. पद्माचंभडंग.भारत. साइट त्यानं सांभाळायची, नावाचं भूपालनं बघायचं, अशी वाटणी झाली. साइट उघडली की वहिनींचा आवाज यायचा.

"नमस्कार. पद्माचं भडंग. लसूण नाही, तक्रार नाही. ऑर्डरसाठी... अहो, ते डबे वाजवू नका ना, रेकॉर्डिंग चाललंय. कुठं निघालात? बसा की इथं जरा. ...ऑर्डरसाठी खालचं बटण दाबा."

सन्मतीनं मधलं काढून टाकलं नाही. "राहू दे आई, गिऱ्हाईकाला आवडतं," म्हणाला. आणि खरंच, लोक साइट उघडून दोन-दोनदा ऐकायचे.

वहिनी गेल्या त्याला आता काही वर्षं झाली. हृदयाचं दुखणं, मिरजेचा दवाखाना, आठवडाभराचा खेळ. सन्मती तेव्हा नेदरलँडला होता, बंदरावरच्या क्रेन चालवणारे प्रोग्रॅम लिहायचा. तो धावत आला. भूपाल दवाखान्याच्या बाकावर बसला होता. कुठला तरी सौदा अर्धवट सोडून आल्यामुळं पट्टा मनगटावरच राहिला होता. आतून डॉक्टर आले आणि त्यांनी सांगितलं. सन्मतीनं वडिलांच्या तोंडाकडं बघितलं, तिथं काही नव्हतं. मग त्यानं पट्ट्याकडं बघितलं. पट्ट्यावर चार होता.

मी शेजारीच बसलो होतो. भूपालचा उजवा हात मांडीवर बारीक हलत होता. अंगठा आणि तर्जनी, काहीतरी मोडून बघितल्यासारखी. मला कळलं. सन्मतीला कळायचं कारण नव्हतं.

सगळं आटोपल्यावर तो गेला, आणि त्याचे फोन सणावारापुरते उरले.

आता साइटच्या आवाजाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. त्या काळात मेलेल्या माणसांचे आवाज वापरून लोकांना फोन करायचे आणि पैसे उकळायचे प्रकार फार झाले. "अगं, मी तुझी आई बोलतेय" म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? म्हणून कायदा झाला की गेलेल्या माणसाचा आवाज कुलूपबंद ठेवायचा, आणि त्याची किल्ली घरच्या डोमेनला बांधायची. नाव जिवंत तोवर आवाज वाजणार. नाव मोकळं सुटलं की किल्ली कायमची नष्ट. फाईलच्या कितीही प्रती असल्या तरी त्या मुक्या. चांगला कायदा होता. मी त्याच्याही बाजूनं लिहिलं असतं.

वहिनींच्या पश्चात भूपाल साइट उघडत असेल असं कुणालाही वाटेल. तो उघडत नव्हता. कारण धंद्याचं शहाणपण. एखादं नाव तुम्ही पुन्हा पुन्हा उघडलंत की बाजाराला वास लागतो, आणि नाव चालू ठेवायचं वर्षाचं भाडंसुद्धा चढतं. हो, भाडंही ओढांकावर लागायला लागलं होतं. त्यावर नावांच्या व्यापाऱ्यांनी एक युक्ती काढली होती. आवडीचं नाव मुदतीला भरायचंच नाही, पडू द्यायचं. पडलं की महिनाभर ते किल्लीसकट बाजूला ठेवलेलं असतं. त्या महिन्यात ते कुणालाही उचलता येतं, तेव्हा आपण बेफिकीर तोंडानं जायचं आणि मूळ दरात उचलायचं. भूपालनं शेकडो नावं अशी पाडून उचलली होती.

त्यानं वहिनींचं नावही पाडलं.

त्याच्या ऑफिसात जयमाला खोत म्हणून एक मुलगी कारभार बघायची. मुलगी म्हणजे चाळिशीची, दोन पोरांची आई; पण आमच्या वयाला सगळ्या मुलीच. ती त्या दिवशी म्हणाली, "काका, हे एक तरी सरळ भरा की. कितीसं जाणाराय?"

"पैशाचं नाही गं. एकदा ढळलो की कायमचं नोंदलं जातं."

"भडंगाचं नाव कोण उचलणाराय असं तुम्हाला वाटतंय म्हणून थांबलाय, पण उचललं तर?"

"कोण उचलतंय? जगात त्याला गिऱ्हाईकच एक आहे," भूपाल म्हणाला आणि खिडकीतून गणपती पेठेतल्या तारेवर बसलेल्या कावळ्याकडं बघत राहिला.

आठवड्यानं तो बेफिकीर तोंडानं उचलायला गेला, तर नाव कुणीतरी उचललेलं होतं.

मला त्यानं फोन करून फक्त "ये" म्हटलं. मी गेलो. तो खुर्चीत ताठ बसला होता. समोर स्क्रीनवर ते नाव, आणि खाली दोन ओळी: "मालक: गुप्त. विक्रीसाठी चर्चा शक्य."

"यंत्रानं उचललंय," भूपाल म्हणाला. "पडझड वेचणारे प्रोग्रॅम असतात. पडलं की झडप. आपल्याला हवं असेल या आशेनं."

"मग आता?"

"सौदा करायचा."

"भूपाल, मर्दा, यावेळी दाखव की. हवंय म्हणून सांग. जातील चार पैसे जास्त. वहिनींचा आवाज आहे तो."

तो माझ्याकडं बघून हसला. चांगला हसला. "घरच्यांना चाळीस वर्षं दाखवलं नाही, आणि आता प्रोग्रॅमला दाखवू?"

सौदा दुसऱ्या दिवशी सकाळी ठरला. भूपाल आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून आला. वडिलांचा रुमाल त्यानं टेबलावर घडी करून ठेवला, दर मोठ्या सौद्याला ठेवायचा तसा. पट्टा बांधला. मी आणि जयमाला मागं उभे राहिलो. स्क्रीनवर विक्रेत्याच्या बाजूला ओढांकाच्या जागी "दाखवायचा नाही" असं होतं.

"बघा. मनगट नाही," भूपाल म्हणाला. त्याचा मुक्काम भेंडीच्या ढिगापुढं पडला होता हे मला मागूनसुद्धा कळलं. पाठ सैल झाली होती.

पहिली ओळ विक्रेत्याकडून आली. "तुम्हीच आकडा सांगा."

"हा जुना डाव," भूपाल पुटपुटला. त्यानं मूळ दर लिहिला. एवढ्या किमतीत सांगलीत दोघांचं जेवण होत नाही.

बराच वेळ काही आलं नाही. मग आलं, "हे नाव कशासाठी हवंय?"

जयमाला वाकून म्हणाली, "काका, प्रोग्रॅम कारण कशाला विचारेल?"

"टोचून बघतात. कुठं दुखतंय ते." भूपालनं लिहिलं, "संग्रहासाठी. किरकोळ आहे."

पुन्हा वेळ गेला. खाली तीन टिंबं लुकलुकली, थांबली, पुन्हा लुकलुकली.

"काका, हे अडखळतंय. यंत्र असं अडखळतं का?"

"हल्ली मुद्दाम अडखळवतात. माणूस वाटावं म्हणून." तीस वर्षांच्या अनुभवातून तो बोलत होता, त्यामुळं आम्ही गप्प बसलो.

"या नावावर एक आवाज आहे. तो तुम्ही ऐकलाय?"

मी भूपालच्या हाताकडं बघितलं. अंगठा आणि तर्जनी. शेंडा मोडायचा, पिशवीत टाकायची. पुढची उचलायची. त्यानं डाव्या हातानं सावकाश लिहिलं, "आवाजाशी संबंध नाही. फक्त नाव."

यावेळी टिंबं फार वेळ लुकलुकली. मग शेवटची ओळ आली. "नक्की?"

"नक्की," भूपालनं लिहिलं.

पट्ट्यावर तीन आला. तीन! चारचा त्याचा स्वतःचा विक्रम त्यानं मोडला होता. स्क्रीन क्षणभर पांढरी झाली आणि त्यावर बाजाराचा नेहमीचा निरोप आला. "विक्रेत्याची अट पूर्ण झाली नाही. पूर्वनिर्देशानुसार नाव मोकळं करण्यात आलं आहे."

"मोकळं?" जयमाला म्हणाली.

"कंटाळलं!" भूपाल खुर्चीत उसळला. "बघितलंत? ओढच दिसेना म्हणून सोडून दिलं. जगात पहिल्यांदा प्रोग्रॅम सौदा टाकून पळाला!" बोलता बोलताच त्यानं बटण दाबलं आणि मोकळं झालेलं नाव मूळ दरात उचललं. नाव पुन्हा आरवाडेंचं झालं. "पद्माला सांगायला..." म्हणाला आणि थांबला. मग त्यानं साइट उघडली.

पान उघडलं. पांढरं. मी पुढं वाकलो. जयमालानं आवाजाचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं. ती हळूच म्हणाली, "काका. आधी पडलं होतं तेव्हा महिन्याची मुदत होती. आता मालकानं स्वतः सोडलंय. स्वतः सोडलं की किल्ली त्याच मिनिटाला जाते."

हा नियम भूपालला पाठ होता. तो दुसऱ्यांना शिकवायचा.

तेव्हाच त्याचा फोन वाजला. सन्मती. एरवी पाडव्याला आणि पर्युषणात येणारा फोन सकाळी साडेदहाला. भूपालनं तो टेबलावर रुमालाला टेकवून उभा केला. पडद्यावर सन्मतीचा चेहरा, मागं अंधारी खिडकी. तिकडं अजून उजाडलं नसावं.

"अण्णा," तो म्हणाला. "तीन?"

भूपालला काही कळलं नाही. मला आधी कळलं. मी जयमालाच्या खुर्चीत बसलो.

"आईच्या वेळी चार होता. आज तीन."

"तू होतास?"

"मी. नाव पडल्याची सूचना साइटवाल्याला येते ना, मला आली. तुम्ही आईचं नाव पाडलंत, अण्णा. म्हणून मी उचललं."

"अरे, ते परत उचलायचंच होतं. तशी पद्धत असते. भाडं..."

"माहिताय मला पद्धत. मला एक रुपया नको होता तुमच्याकडून. पन्नास हवे होते. पन्नासच्या वर ओढांक आला की नाव फुकट द्यायचं, अशी अट लिहिली होती. आणि पन्नासच्या खाली आला तर नाव सोडून द्यायचं."

"सोडून कशाला द्यायचं रे?" हे मीच ओरडलो.

"कारण मला खात्री होती, काका!" सन्मतीचा आवाज फाटला. "साठ-सत्तर तरी येईल अशी खात्री होती. म्हणून तर लिहिलं. वाटत नसतं तर लिहिलं असतं का असलं? आणि सौदा सुरू झाल्यावर अट मागं घेता येईना. मी तीन-तीनदा विचारलं. आवाज ऐकलाय का म्हणून विचारलं."

खालून पेठेतला टेम्पो मागं येताना टीं टीं करत होता.

"मी निवडत होतो," भूपाल म्हणाला.

"काय?"

"भेंडी."

सन्मती बघत राहिला. बापाचं डोकं फिरलं की काय, असं त्याच्या तोंडावर दिसलं. मी समजावायला पुढं झालो. पण भूपालनं हात करून मला थांबवलं आणि पट्ट्याचा हात फोनपुढं धरला. "आता विचार. परत विचार. आता नाही निवडत. बघ तू आकडा."

"अण्णा, राहू द्या."

"विचार म्हणतो ना."

सन्मतीनं विचारलं, "आईचा आवाज हवाय तुम्हाला?"

"हवाय," भूपाल म्हणाला. हा शब्द मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होतो, त्यामुळं तो जरा परक्या भाषेतला वाटला. त्याचे डोळे भरले होते आणि पाणी सरळ गालावरून पांढऱ्या शर्टावर पडत होतं. दुसऱ्या हाताचा अंगठा आणि तर्जनी मात्र मांडीवर सवयीनं चालूच होती. पट्टा त्यानं आमच्याकडं वळवला नव्हता, मुलाकडं धरला होता. तरी सन्मतीच्या चेहऱ्यावरून मला आकडा वाचता आला.

"चार आहे, अण्णा."

"तोंडाकडं बघ लेका त्याच्या!" मी म्हणालो. "पट्ट्याकडं काय बघतोस?"

"बघतोय काका. दिसतंय मला." तो डोळे पुसत म्हणाला. "पण दवाखान्यात तोंडावर काही नव्हतं म्हणून मी पट्ट्याकडं बघितलं होतं. आता पट्ट्यात काही नाही. मी कशाकशाकडं बघू?"

मग तो म्हणाला, फाईल माझ्याकडं आहे, उघडत नाही. भूपाल म्हणाला, माझ्याकडंही एक असेल. तिकडं थंडी आहे का, असं भूपालनं विचारलं. आहे, सन्मती म्हणाला. आणि फोन बंद झाला.

मी नंतर सन्मतीला लांबलचक पत्र लिहून भेंडीचं सगळं सांगितलं. त्याचं उत्तर आलं. समजलं, म्हणाला. आता तो रविवारी फोन करतो. दोघं हवापाण्याचं बोलतात, बरं बोलतात. पण वहिनी असत्या तर मधे तोंड घालून जे काही करायच्या, ते करायला कुणी नाही. भडंगातला लसूण नसला तर चालतो, असं वाटणाऱ्यांनी एकदा या फोनवर बसून बघावं.

भूपालनं धंदा जयमालाकडं सोपवला. भिंतीवरचं प्रमाणपत्र उतरवलं, तिथला चुना वेगळ्या रंगाचा दिसतो. पट्टा मात्र हातावर आहे. सवय, म्हणतो. वहिनींच्या नावाचं भाडं तो आता मुदतीच्या आधी भरतो, मागतील तेवढं.

परवा दुपारी त्याच्याकडं गेलो. कॉटवर बसून त्यानं लॅपटॉप मांडीवर घेतला होता. समोर तेच पांढरं पान. पद्माचंभडंग.भारत. काही नाही त्यावर, आवाज नाही, बटण नाही. कुणी विकत नाही, कुणी घेत नाही, आकडा कुणी विचारत नाही. तो त्या पानाकडं बघत होता. सरळ, तोंड समोर करून. कावळ्याकडं नाही, नारळाकडं नाही. शेजारी जागा ठेवून बसला होता, कुणाला तरी ये म्हटल्यासारखी.

मी त्या जागेत बसलो आणि सहज माझी नजर त्याच्या मनगटावर गेली.

सत्त्याण्णव.

मी बघतोय हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं घाईनं उशाचा रुमाल ओढला आणि हातावर टाकला.

"बघू नको," म्हणाला. "भाव कळतो."

रुमालाखालून त्याचा दुसरा हात सरकत माझ्याकडं आला. मला वाटलं, बोट दाबेल, एक किंवा दोन. पण त्यानं बोटं सोडून माझं मनगट धरलं आणि घट्ट धरून ठेवलं.

माझ्याकडं विकायला काहीच नव्हतं. मी हात सोडवून घेतला नाही.